क्वार्टरबॅक कीं फळी?

अमेरिकन फुटबॉलचा संघ हरला कीं, चेंडू फेंकणारा क्वार्टरबॅक बदला, अशी ओरड होते. आम्हांस ती घाईची वाटते. आधीं त्याच्यापुढील पांच रक्षकांची फळी पाहावी. कॅन्सस सिटी चीफ्स संघ फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोल सामन्यांत ९-३१ असा हरला, तेव्हां फळीच्या दोन्ही कडांचे नेहमींचे रक्षक जायबंदी होते; पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक जीव घेऊन पळत होता! संघानें महोम्स ठेवला, फळी नवी उभारली. २०२३ च्या सुपर बोलमध्यें चेंडू फेंकण्यापूर्वीं त्यास एकदांही कोणी पाडूं शकलें नाहीं. ३८-३५ असा विजय मिळाला. महोम्स असामान्य, हें खरें; दुबळ्या हाताला उत्तम फळीही तारणार नाहीं. परंतु ज्यास नेम धरावयास अवसरच मिळत नाहीं, त्याचा हात दुबळा हें ठरवावें तरी कसें?