पिशवी काढण्याआधी कारण लिहा

गर्भाशय खाली सरकलं, कॅन्सर निघाला, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असला, तर पिशवी काढावीच लागते. अशा ऑपरेशनने जीव वाचलेल्या बायका संभाजीनगरात परिचारिका म्हणून काम करताना मी पाहिल्या आहेत. पण संमतीपत्रावर अंगठा घेताना "कशासाठी काढताय?" असं विचारलं, की ऊसतोडीला जाणारी तिशीतली बाई सांगते, "अंगावरून पांढरं जातंय. ठेवली तर कॅन्सर व्हईल म्हणले." पांढरं जाणं बहुतेकदा जंतुसंसर्गाने असतं आणि तपासून दिलेल्या गोळ्यांनी बरं होतं. त्यासाठी आख्खी पिशवी काढायची?

या ऑपरेशनचं मूळ उसाच्या फडात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, खाडा झाला की दंड. कोपीवर ना संडास, ना न्हाणी. पाळीचं कापड धुवायलाही पाणी नसतं. अशा जागी पाळीच नको वाटली तर त्या बाईला बोल कसा लावायचा? बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या अशा काढल्याचं उघड झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. सोबत अंडाशयही गेलं, तर ऐन तारुण्यात अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. आणि मोळी तर उचलावीच लागते, वर ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज.

बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन घातलं गेलं. हे बंधन संभाजीनगर, जालन्यातही हवं, कारण उपचारासाठी बाई जिल्ह्याची हद्द बघत नाही. संमतीपत्रावर आजार, आधी दिलेली औषधं आणि पिशवी काढण्याचं कारण मराठीत लिहून तिला वाचून दाखवलं पाहिजे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितलं की, जिवावरचा प्रसंग नसेल तर सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही. तरी कागद आधी नवऱ्यापुढे सरकतो.

आणि कारखान्यांनीही हात झटकू नयेत. फडावर संडास, पाणी आणि पाळीत दंडाविना सुट्टी, एवढं या गळीत हंगामापासून द्यावं.