पॅरिसला पोचलेला अर्ज आणि पेटीत राहिलेला अर्ज

२०२५ च्या सप्टेंबरात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स या देशांनी पॅलेस्टाईनला राज्य म्हणून मान्यता दिली. भारताने ती १९८८ सालीच दिली होती. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १३८ देशांनी पॅलेस्टाईनला निरीक्षक राज्याचा दर्जा दिला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये पूर्ण सदस्यत्वाचा ठराव सुरक्षा परिषदेसमोर आला तेव्हा बारा देश बाजूने उभे राहिले, आणि एकट्या अमेरिकेने नकाराधिकार वापरून तो पाडला. ज्यांच्या पायाखालची जमीन रोज हिसकावली जाते त्यांच्या हातात मान्यतेचे कागद जमा होत आहेत. मग ही मान्यता म्हणजे नेमके काय, ती कोणी द्यायची आणि कोणाच्या जोरावर मागायची?

हा प्रश्न दूरदेशीचा आहे असे कोणाला वाटेल. पण आम्ही औशात बसून लिहितो आहोत, आणि औशाला हा प्रश्न परका नाही. १९४८ साली औसा हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता आणि उस्मानाबाद हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. त्या वर्षी आमच्या आजोबा-पणजोबांच्या नावावर, त्यांना एका शब्दाने न विचारता, एक अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या दारी गेला होता. दर १७ सप्टेंबरला येथे झेंडावंदन होते, भाषणे होतात. सरदार पटेल येतात, रझाकार येतात, पोलीस कारवाई येते. पॅरिसच्या अर्जाची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. आणि त्या अर्जाबद्दल बाबासाहेब चौदा महिने आधी काय बोलून गेले होते, हे तर प्रस्थापितांच्या व्यासपीठावरून ऐकायला मिळणे शक्यच नाही.

आधी अर्जाची हकिकत.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने सुरक्षा परिषदेकडे तक्रार नोंदवली. आधार घेतला तो सनदेच्या ३५ व्या कलमाचा. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नसलेले राज्यही आपला तंटा परिषदेपुढे नेऊ शकते, अशी त्या कलमात सोय आहे. निजामाच्या वकिलांची सारी हुशारी या एका वाक्यात होती. परिषदेने तक्रार ऐकून घेतली की तक्रारदार हा 'राज्य' आहे हे आपोआप मान्य झाले! म्हणजे तक्रार हे निमित्त, आणि खरी मागणी मान्यतेची. ब्रिटिशांनी हैदराबादला स्वतंत्र डोमिनियन म्हणून स्वीकारायला नकार दिलेला होता. तो दरवाजा बंद झाल्यावर हा दुसरा दरवाजा ठोठावला गेला.

शिष्टमंडळाचे प्रमुख होते नवाब मोईन नवाज जंग, निजामाचे परराष्ट्र आणि अर्थमंत्री. भारताच्या बाजूने सर रामस्वामी मुदलियार उभे होते. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये बैठक भरली. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन. विषय कामकाजावर घ्यावा की नाही यावर मतदान झाले. आठ मते बाजूने, विरोधात एकही नाही, तीन तटस्थ. सोव्हिएत रशिया, युक्रेन आणि चीन हे ते तिघे. मात्र विषय घेतल्याने हैदराबादचा राज्य असल्याचा दावा मान्य झाला असे नव्हे, ही पुस्तीही जोडली गेली.

पॅरिसमध्ये ही बारीक कायदेशीर वीण चालू होती तेव्हा आमच्या जिल्ह्यात काय चालू होते? १३ सप्टेंबरलाच भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गात शिरल्या होत्या. परिषद बसली तोवर उस्मानाबाद गेलेले होते. १७ ला निजामाने हत्यार खाली ठेवले, १८ ला त्याचा सेनापती एल एद्रूस याने जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली आणि २२ सप्टेंबरला खुद्द निजामाची तार गेली, की तक्रार मागे घेतली आहे. २८ सप्टेंबरला पुन्हा बैठक झाली. ही तार दबावाखाली लिहिलेली आहे, असे मोईन नवाज जंग सांगत राहिले. मे १९४९ मध्ये पाकिस्तानच्या जफरुल्ला खानांनी तो विषय पुन्हा उकरला. निर्णय काहीच झाला नाही. पण 'हैदराबाद प्रश्न' ही नोंद परिषदेच्या यादीत त्यानंतर अनेक दशके तशीच पडून राहिली. राज्य संपले, राजा संपला, अर्ज मात्र जिवंत! कचेरीच्या कारभाराचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

त्याच धावपळीत २० सप्टेंबरला लंडनच्या बँकेतल्या हैदराबादच्या खात्यातून दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावावर फिरवले गेले. ते पैसे एकाहत्तर वर्षे बँकेत अडकून होते. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने ते भारत आणि निजामाच्या वारसांचे आहेत असा निकाल दिला, तोवर ती रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झालेली होती. हा पैसा मुळात कोणाचा? मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाच्या शेतसाऱ्याचा. ज्यांच्या घामाचा तो होता त्यांचे वारस कोणत्याच न्यायालयात पक्षकार नव्हते.

आता मुद्द्याकडे येऊ.

निजामाकडे काय कमी होते? ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख होता, दीड कोटीच्या वर प्रजा होती. स्वतःचे नाणे होते, रेल्वे होती, टपाल होते, फौज होती. सर वॉल्टर मॉंक्टनसारखा विलायती सल्लागार होता. आजच्या पॅलेस्टाईनकडे यातले निम्मेही नाही. तरीही पॅलेस्टाईनला दीडशेहून अधिक देशांनी राज्य म्हटले आणि हैदराबादला कोणी म्हटले नाही. यावर भारताच्या फौजा मोठ्या होत्या म्हणून, असे सोपे उत्तर दिले जाते. ते खोटे नाही. पण ते अर्धे आहे.

उरलेले उत्तर बाबासाहेबांनी १७ जून १९४७ च्या निवेदनात देऊन ठेवले होते. त्या महिन्यात त्रावणकोर आणि हैदराबाद या दोन्ही संस्थानांनी स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला होता. कॅबिनेट मिशनने मे १९४६ मध्येच सांगितले होते की ब्रिटिश गेले की संस्थानांवरील त्यांची अधिसत्ता संपुष्टात येईल. काँग्रेसवाल्यांना यावर कायद्याचे उत्तर सापडत नव्हते. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्रीही नव्हते. त्यांनी ठणकावून सांगितले, की ही अधिसत्ता अशी हवेत विरून जात नाही. ब्रिटिशांना ती मोडीत काढण्याचा अधिकारच नाही, ती स्वतंत्र भारताकडे येते. पण ते तिथेच थांबले नाहीत. संयुक्त राष्ट्रे आपल्याला मान्यता आणि संरक्षण देतील या भरवशावर राहणारे संस्थानिक स्वप्नात वावरत आहेत, असे त्यांनी बजावले. भारताचा दावा डावलून मान्यता मिळेल याचीच शंका आहे. आणि समजा मिळालीच, तरी आपल्या मुलखात लोकांना जबाबदार असे सरकार आणल्याशिवाय ती संघटना कोणत्याही संस्थानिकाच्या मदतीला धावणार नाही, हे त्यांचे सांगणे होते.

फौजांच्या लढाईत कोण जिंकेल हे भाकीत त्यांनी केले नव्हते. राज्याच्या दाव्यामागे प्रजेची संमती नसेल तर तो दावा पोकळ असतो, एवढे त्यांनी सांगितले. निजामाच्या वकिलांनी कलम ३५ वाचले. आपल्या दाव्याखाली आपल्याच प्रजेची सही नाही, हे त्यांना वाचता आले नाही.

सही नव्हती, म्हणून चेहरा आणला गेला. हा भाग आमच्या चळवळीला बोचणारा आहे, पण तो टाळून चालणार नाही. निजामाच्या बाजूने पॅरिसला गेलेल्यांत आपल्या मराठवाड्याचे, औरंगाबादला जन्मलेले बी. श्यामसुंदर होते. दलितांचे मोठे पुढारी. बी. एस. व्यंकटराव तर लायक अलींच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. जगाला दाखवायचे होते, की बघा, अस्पृश्यही आमच्याबरोबर आहेत! श्यामसुंदरांना कोणी विकाऊ म्हणेल तर आम्ही ते ऐकून घेणार नाही. ज्या माणसाने १९६८ साली गुलबर्ग्यात भीमसेना उभी केली, त्याची तळमळ संशयातीत आहे. हिंदू जमीनदारांच्या राज्यापेक्षा निजाम परवडला, हा त्यांचा हिशेब होता. गावकुसाबाहेर राहिलेल्याला तो हिशेब समजू शकतो.

पण बाबासाहेबांचा हिशेब वेगळा होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये याच उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांच्या परिषदेला ते आले होते. निजामी मुलखातला दलित कसा जगतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस, निजामाने भारताशी 'जैसे थे' करार केला त्याच सुमारास, त्यांनी जाहीर निवेदन काढले. हैदराबादच्या अनुसूचित जातींनी कोणत्याही परिस्थितीत निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नये. हिंदूंनी आपल्यावर कितीही जुलूम केला असला तरी आपली दृष्टी गढूळ होऊ देऊ नये. आपली सारी चळवळ स्वातंत्र्याची आहे, आणि जो प्रातिनिधिक सरकारच नाकारतो त्याला ती पाठिंबा देऊ शकत नाही. दुसऱ्याच्या शिष्टमंडळात बसलेला आपला माणूस त्या शिष्टमंडळाची भाषा बोलतो. त्याचा बरावाईट हिशेब मात्र मागे राहिलेल्या वस्तीच्या नावावर लिहिला जातो.

हिशेब कसे चुकते केले जातात, हे त्या सप्टेंबरनंतर याच भागाने पाहिले. रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली हे खरेच. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा आमच्या शेजारच्या लातूरचा वकील. पण कारवाईनंतर सूड निघाला तो गरीब, निरपराध मुसलमानांवर. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने डिसेंबर १९४८ पर्यंत फिरून अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे. साऱ्या संस्थानात मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज. लातूरला दहा हजार मुसलमान राहत होते, समितीला तिथे जेमतेम तीन हजार आढळले. हा अहवाल दशकानुदशके दाबून ठेवला गेला. सुरक्षा परिषदेत हैदराबाद हे राज्य आहे की नाही यावर भाषणे झाली, पण लातूरच्या त्या माणसांबद्दल विचारायला कोणाला सवड झाली नाही. 'हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे' हे भारताचे उत्तर निजामाच्या दाव्यापुरते योग्य होते, असे आमचे मत आहे. पण हेच शब्द मेलेल्या माणसांवरही पांघरूण घालायला कामी आले, हेही आम्ही म्हणणार.

आणि येथेच दुसरा अर्ज आठवतो.

निजामाच्या आधी दोन वर्षे, १९४६ साली, बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचले, भारतातले अस्पृश्यही तसेच करण्याच्या विचारात आहेत, त्या अर्जाच्या प्रती पाठवा, अशी ती विनंती होती. डू बॉइस यांनी उत्तरही दिले. अनुसूचित जातींच्या स्थितीवरचा तो अहवाल बाबासाहेबांनी तयार केला होता. तो त्यांनी पाठवला नाही. का पाठवला नाही, हे १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी स्वतः सांगितले: घटना समितीला आणि भावी संसदेला आधी संधी द्यावी असे वाटले. आणि त्याच निवेदनात, राज्यघटना लागू झाल्यावरही अनुसूचित जातींची स्थिती पूर्वीसारखीच आहे, तोच जुलूम, तीच छळणूक, हेही त्यांनी नोंदवले.

दोन अर्ज शेजारी ठेवून पाहा. एका अर्जामागे खजिना होता, बॅरिस्टर होते, विमाने होती, फक्त प्रजा नव्हती. दुसऱ्यामागे कोट्यवधी माणसे होती आणि त्यांचा एकमुखी नेता होता. तो पेटीत राहिला, कारण त्या नेत्याने या देशाच्या संसदेवर विश्वास टाकला. हैदराबादच्या दलितांना निजामाकडे जाऊ नका असे सांगणारा माणूस स्वतःच्या समाजाचा अर्जही देशाबाहेर नेत नव्हता. ज्यांना आंबेडकरी चळवळीच्या देशनिष्ठेची प्रमाणपत्रे तपासायची हौस आहे त्यांनी हे आधी वाचावे.

तो विश्वास कसा पाळला गेला? २००१ साली डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित संघटना तेथे जातिभेदाचा प्रश्न घेऊन गेल्या. भारत सरकारने आपली सारी मुत्सद्देगिरी एकाच कामाला लावली: जात हा शब्द ठरावात येऊ द्यायचा नाही. युक्तिवाद पुन्हा तोच, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे! पॅरिसमध्ये हे शब्द एका राजाला उद्देशून होते. डर्बनमध्ये ते या देशाच्या नागरिकांना ऐकवले गेले. दलितांनी तेथे वेगळे राज्य मागितले नव्हते, सीमा बदला म्हटले नव्हते. आपल्याच घटनेने जे लिहून दिले ते मिळत नाही, एवढेच सांगायचे होते. या दोन्हींतला फरक ज्या मुत्सद्द्यांना कळत नाही त्यांना तो कळून घ्यायचा नसतो. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारलेल्या भेदभावात जातिव्यवस्थाही येते, असे स्पष्ट केले.

राज्याला मान्यता मिळवण्यासाठी देश किती धडपडतात हे आपण पाहतो. एखाद्या संघटनेला नुसते बोलण्याची मान्यता मिळवायला किती लागते, तेही पाहून ठेवावे. आंतरराष्ट्रीय दलित ऐक्य जाळे या संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेकडे सल्लागार दर्जा मागितला तो २००८ साली. त्याला मताचा अधिकार नसतो. बैठकीत बसता येते, लेखी निवेदन देता येते, चार मिनिटे बोलता येते, इतकेच. भारताचा प्रतिनिधी दर बैठकीला नवे प्रश्न विचारी आणि अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला जाई. असे जवळजवळ पंधरा वर्षे चालले. डिसेंबर २०२२ मध्ये परिषदेत मतदान झाले आणि दर्जा मिळाला.