तिजोरी ढगात, नियम दिल्लीत

1980 च्या दशकात अकोल्याच्या शाखेत मी रुजू झालो, तेव्हा माझ्या वाट्याला आलेले पहिले काम डिंकाचे होते. मुख्य कार्यालयाकडून नियमपुस्तकाच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या येत. अमुक पानावरील 'शाखाधिकारी' या शब्दाऐवजी 'शाखाधिकारी व रोखपाल, संयुक्तपणे' असे वाचावे, इतकाच मजकूर. ती चिठ्ठी कापायची, जुन्या ओळीवर चिकटवायची आणि बाजूला सही करायची. पाचसहा वर्षांत पुस्तक फुगून दुप्पट होई. एकदा एक चिठ्ठी टपालातून थेट खणात गेली आणि तिथेच राहिली. तपासणीत ती सापडली तेव्हा कळले, की आठ महिने आम्ही एक नियम मोडत होतो आणि तो नियम आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. पैसा गेला नव्हता, पण लेखी खुलासा मला द्यावा लागला.

हे सारे आठवायचे कारण, माझे एक जुने सहकारी. निवृत्तीनंतर ते मूर्तिजापुरात स्थायिक झाले आणि एका छोट्या नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर गेले. मागच्या महिन्यात ते अमरावतीला माझ्या घरी आले ते कागदांचे बाड घेऊनच. चहा यायच्या आत म्हणाले, "मले सांग भाऊ, हे सहा तास मोजाचे कवापासून? चोरी झाली तवापासून, का चोरी दिसली तवापासून?"

प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. आजच्या छोट्या बँकेचे खातेपुस्तक तिच्या स्वतःच्या इमारतीत नसते. ते दूरच्या शहरातल्या, दुसऱ्याच्या मालकीच्या, भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर असते. यालाच 'क्लाउड' म्हणतात; आपण ढग म्हणू. सरकारही याच वाटेने गेले. केंद्राने 2013 मध्ये आपल्या ढगाचा आराखडा मांडला आणि त्याला कालिदासाची आठवण यावी असे 'मेघराज' नाव दिले. महाराष्ट्राने जानेवारी 2018 मध्ये सरकारी खात्यांसाठी सार्वजनिक क्लाउडचे धोरण आणले. त्याच वर्षी 1 मे पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. दर्यापूरच्या शेतकऱ्याची जमीन आज तलाठ्याच्या कपाटापेक्षा अशा यंत्रांच्या भरवशावर अधिक आहे. तेव्हा त्या यंत्रांना कुलूप कोणते लावायचे, हे ठरवणारा नियम त्याच्याही घरचा झाला.

हा नियम बदलतो कसा? त्याची वाट फार लांबून येते. सरकारला ढग भाड्याने देणाऱ्या कंपनीला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या यादीत यावे लागते. त्यासाठी एसटीक्यूसी या सरकारी संस्थेची तपासणी, माहिती देशाच्या सीमेतच ठेवण्याची अट आणि काही आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे लागतात. त्यातले मुख्य म्हणजे आयएसओ 27001. हे प्रमाण 2005 मध्ये आले, 2013 मध्ये बदलले आणि पुन्हा ऑक्टोबर 2022 मध्ये बदलले. या खेपेला 114 नियंत्रणांची पुनर्मांडणी होऊन 93 झाली आणि अकरा नवी आली. त्या अकरांत ढगाच्या सेवा वापरताना घ्यायच्या काळजीसाठी एक स्वतंत्र कलम आहे. म्हणजे अर्धे जग ढगात जाऊन बसल्यावर मूळ प्रमाणात ढगाला स्वतःची ओळ मिळाली! जुने प्रमाणपत्र बदलून घ्यायला तीन वर्षांची मुदत होती; ती 31 ऑक्टोबर 2025 ला संपली. ज्यांच्या भिंतीवर अजून 2013 चे प्रमाणपत्र चौकटीत लटकते आहे, त्यांची चिठ्ठी खणात राहिली असे समजावे.

ही झाली संथ वाट. आता घाईची वाट. संगणकावरील हल्ल्यांची दखल घेणाऱ्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेचे 2013 चे नियम सांगत, की घटना 'वाजवी वेळेत' कळवावी. वाजवी म्हणजे किती? आमच्या बँकेत 'यथावकाश' या शब्दाला जो अर्थ होता, तोच. 28 एप्रिल 2022 रोजी संस्थेने नवे निर्देश काढले : सहा तासांत कळवा, यंत्रांच्या नोंदी 180 दिवस जपा, ढग भाड्याने देणाऱ्यांनी ग्राहकांचे तपशील पाच वर्षे ठेवा. अंमल साठ दिवसांत. सर्वांच्या हरकतींसाठी खुला मसुदा असा आधी निघाला नव्हता. साहजिकच ओरड झाली. 18 मे ला खुलासेवजा प्रश्नोत्तरे निघाली : सहा तासांत हाती असेल तेवढी माहिती द्या, उरलेली नंतर चालेल. 27 जूनला लहान व मध्यम उद्योगांसाठी मुदत 25 सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली. म्हणजे ज्या हरकती आधी ऐकायच्या, त्या नंतर ऐकल्या. हेतूला माझा विरोध नाही; चोरी लपवण्यात बँकवाल्यांचा हात कोणी धरणार नाही, हे मी आतून पाहिले आहे. पण आधी विचारले असते, तर निम्मा गोंधळ वाचला असता.

अमेरिकेत उलटे. त्यांच्या सरकारी ढगाची मंजुरी 'फेडरॅम्प' या योजनेतून होते आणि तिचा आधार असलेल्या नियमसंग्रहाच्या पाचव्या आवृत्तीचा मसुदा ऑगस्ट 2017 मध्ये लोकांपुढे आला. अंतिम आवृत्ती सप्टेंबर 2020 मध्ये निघाली आणि सरकारी ढगाला लागू होणारे तिचे रूप यायला मे 2023 उजाडला. सहा वर्षे चोर थांबतो का? शेवटी तेही कंटाळले आणि 2025 च्या मार्चमध्ये त्यांनी वेगाच्या नव्या पद्धतीची घोषणा केली.

आपल्याकडे मधली वाट रिझर्व्ह बँकेने दाखवली, हे माझ्या जुन्या पेशाचा अभिमान बाजूला ठेवूनही म्हणतो. बाहेरून घेतलेल्या संगणकसेवांबाबतचा मसुदा जून 2022 मध्ये आला, हरकतींना महिनाभर दिला गेला, 10 एप्रिल 2023 ला निर्देश निघाले आणि 1 ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यात ढगासाठी वेगळे परिशिष्ट होते. भाडेकरूने मालकाला काय विचारावे, करार संपल्यावर आपले सामान कसे परत घ्यावे, इथपर्यंत. पण त्या निर्देशांतून एक हजार कोटींपर्यंत ठेवी असलेल्या नागरी बँका वगळल्या होत्या. आमच्या वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावची बँक बहुधा याच गटातली.

वगळण्यामागे दया होती. या बँकांना नियम नव्हतेच असेही नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट आली आणि 31 डिसेंबर 2019 ला तिला चार पायऱ्या लावल्या गेल्या. पण मोठ्या बँकेला जे प्रश्न मालकाला विचारायला लावले, ते छोटीला सक्तीचे केले नाहीत. मग 31 जुलै 2024 उजाडला. छोट्या बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने खबरदारी म्हणून तिचे जाळे तोडले. वृत्तसंस्थांच्या बातमीप्रमाणे सुमारे 300 छोट्या बँकांचे ग्राहक दिवसभर व्यवहारांविना राहिले. दुसऱ्या दिवशी सुरळीत झाले. त्या सवलतीचा आणि या हल्ल्याचा थेट संबंध मी जोडत नाही. परंतु छोटा भाडेकरू म्हणून ज्याला प्रश्न विचारायची सक्ती नाही, त्याच्या शेजारचे तीनशे भाडेकरूही एकाच जिन्याने ये-जा करतात, हे त्या दिवशी दिसले. पेरणीनंतर युरियाला पैसे लागतात नेमके त्याच दिवसांत.

आणि मसुदा खुला ठेवला, तरी हरकत पाठवतो कोण? मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी पगारी माणसे असतात. मसुदा इंग्रजी, महिनाभराची मुदत. मूर्तिजापूरच्या बँकेत संगणकाचे जाणकार एकच. ते अकोल्याहून पॅसेंजरने येतात. (रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2025 मध्ये नऊ हजारांहून अधिक परिपत्रके 244 निर्देशांत बसवली. आमच्या डिंकाच्या बाटलीला खरी निवृत्ती त्या दिवशी मिळाली!)

मित्राच्या प्रश्नाचे उत्तर निर्देशातच होते : घटना लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून सहा तास. ऐकून ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दुसऱ्या शनिवारी दुपारी घडलं, सोमवारी सकाळी कुलूप उघडल्यावर दिसलं, त हिशेब सोमवारपासून. कागदावर आपण बरोबर. पण चोराले दीड दिवस मिळाला न!"

मी म्हटले, हेच लिहून द्या. त्या दुपारी त्यांनी मराठीत चार प्रश्न लिहिले, बँकांच्या संघटनेकडे पाठवण्यासाठी. इंग्रजी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तीन झाले. चौथ्यात त्यांनी विचारले आहे, की यंत्राच्या मालकाचे यंत्र बंद पडले, तर आमच्या ग्राहकाला फाटकावर उत्तर कोणी द्यायचे. त्या 'फाटकावर'ला इंग्रजी शब्द काही मला अजून सापडलेला नाही.