काजव्यांच्या गावी अवचित पाहुणे

शनिवारी दुपारी कचेरी सुटता सुटता कुणाच्या तरी मनात येते, 'चला, भंडारदऱ्याला काजवे पाहू.' तासाभरात चार मित्र जमतात, गाडीत पेट्रोल भरले जाते आणि रात्री नऊच्या सुमारास ती गाडी इगतपुरी-घोटीमार्गे शेंडी गावात येऊन उभी राहते. राहण्याची सोय पाहिलेली नसते, जेवणाचे कुणाला सांगितलेले नसते. पुढे आणि मागे अशाच अवचित निघालेल्या गाड्यांची रांग असते. उकाड्याने आणि कामाने त्रासलेल्या माणसाला डोंगराची ओढ लागावी, यात वावगे काहीच नाही. प्रश्न निराळा आहे. या ऊर्मीची किंमत कोण मोजतो?

भंडारदऱ्याच्या पाठीशी, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या आधाराने पसरलेले अरण्य १९८६ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, याच्याच हद्दीत येते. घाटघर, उडदावणे, पांजरे, साम्रद, रतनवाडी ही महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे या रानात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो, वळवाच्या सरी पडून जातात, हवेत ओलावा भरतो आणि हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर यांच्या फांद्यांवर काजव्यांचे थवेच्या थवे उतरतात. एक झाड लखलखते, विझते, पुन्हा लखलखते आणि त्याच तालात शेजारचे झाडही उजळून निघते. मृगाचा पाऊस जोर धरू लागला की हा उत्सव आटोपतो. पंचांगातील जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा हा मुहूर्त, आणि त्यात शनिवार-रविवार येऊन येऊन किती येणार! सारी गर्दी त्या मोजक्या रात्रींवर कोसळते.

आपल्यापुढे जो प्रकाश चमकतो आहे तो शोभेचा नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या ल्युसिफेरिन नामक द्रव्याचा विशिष्ट विकराच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णतारहित असा प्रकाश निर्माण होतो. हा प्रकाश ही त्याची भाषा आहे. नर आपल्या जातीच्या ठरावीक लयीत साद घालतो, त्याच लयीत मादी उत्तर देते. आयुष्याचा बहुतांश काळ अळीच्या रूपाने माती-पाचोळ्यात गोगलगायी आणि गांडुळांवर काढलेल्या या जीवाला पंख फुटल्यानंतर उणेपुरे दोन-तीन आठवडे मिळतात. तेवढ्या अवधीत साद ऐकली गेली नाही, तर वंश पुढे चालत नाही. मोटारींचे प्रखर दिवे, विजेऱ्या, भ्रमणध्वनीचे झोत यांच्या झगमगाटात ही साद बुडून जाते. गाडी वळविण्यासाठी चाक रस्त्याखाली उतरते, तिथल्याच ओलसर पाचोळ्यात मादीने अंडी घातलेली असतात. जे पाहण्यासाठी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर धावून यायचे, तेच आपल्या येण्याने मालवायचे, असा हा विचित्र व्यवहार आहे.

यावर पुष्कळांना सुचणारा उपाय म्हणजे सरसकट बंदी. तो उपाय सोपा असला तरी न्याय्य नाही. या भागात शेती आहे ती भाताची, पावसावरची. पेरणीच्या तोंडावर, घरातली पुंजी संपत आलेली असताना, पिठले-भाकरीची चार ताटे वाढून, तंबू उभारून वा वाटाड्या होऊन चार पैसे हाती येतात ते याच दिवसांत. प्रवरेचे पाणी अडविणारे धरण १९२६ साली येथे पुरे झाले, पण उसाचे मळे फुलले ते खाली राहाता-श्रीरामपूरच्या बाजूला. डोंगरातल्या माणसाने आधी पाणी दिले आणि आता तो आपला अंधारही शहरवासीयांना देतो आहे. त्याचे मोल त्याच्या पदरी पडलेच पाहिजे.

मार्ग आहे तो संख्येचा आणि शिस्तीचा. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट येथे असेच एका तालात लुकलुकणारे काजवे आहेत. तेथे त्या आठवडाभरासाठी आधी अर्ज करावा लागतो, सोडत निघते आणि ठरावीक वाहनांनाच परवाना मिळतो. विजेरीवर तांबडा कागद लावण्याची सूचना असते. मलेशियात कुआला सेलांगोरच्या खारफुटीत काजवे पाहायला नेतात ते वल्ह्यांच्या होडीतून. आणि परदेशाकडेच कशाला पाहायचे? ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत लाखो वारकरी चालतात. पण प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, रथाच्या पुढे की मागे हे ठरलेले आहे, मुक्काम ठरलेला आहे. ज्या समाजाने एवढा अफाट समुदाय शतकानुशतके ओळीने चालवून दाखविला, त्याला काही शे मोटारींची व्यवस्था लावता येऊ नये, हे पटणारे नाही.

वनविभागाने गेल्या काही वर्षांत वेळेची बंधने घातली, गोंगाटाला मनाई केली. ही पावले योग्यच आहेत. परंतु नाक्यावर शुल्क घेऊन गाडी आत सोडली की पुढच्या अंधाऱ्या वळणावर तिच्यावर लक्ष ठेवणार कोण? त्यापेक्षा बाहेरची वाहने शेंडीलाच थांबवावीत, पुढचा प्रवास गावच्या जीपगाड्यांनी, मंद दिव्यांत, गावच्या तरुणांच्या सोबतीने व्हावा आणि एका रात्री किती माणसे आत जाणार, हे आधीच ठरलेले असावे. जीपचे भाडे गावात राहील, झाडाखाली चाके जाणार नाहीत, आणि कुठल्या झाडापाशी थांबायचे व कुठल्या झाडाला हातही लावायचा नाही, हे सांगणारा जाणता माणूस सोबत असेल. याच अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत पाहुण्यांची व्यवस्था गेली कित्येक वर्षे गावकरीच पाहत आले आहेत. तेव्हा ही कल्पना हवेतली नव्हे.

राहिला प्रश्न अवचित निघण्याच्या आनंदाचा. तो कुणी हिरावून घेऊ नये. काजव्यांच्या त्या मोजक्या रात्री सोडल्या तर वर्षाचे उरलेले दिवस हे डोंगर तेथेच उभे आहेत. भाद्रपदात रतनगडाचा माथा सोनकीच्या फुलांनी पिवळा होतो. कार्तिकात भाताची कापणी चाललेली असते, हवेत गारवा असतो, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या प्राचीन शिवालयापाशी चिटपाखरू नसते. अशा एखाद्या आडवारी न सांगता गेलेल्या चौघांना गावात भाकरीही मिळते आणि ओसरीही.