लहान शोधालाही कायद्याचा आधार हवा

शेतीच्या अवजारांतील सुधारणा बहुधा मोठ्या प्रयोगशाळेत जन्मत नाहीत. गावचा लोहार विळ्याच्या पात्याला निराळा बाक देतो, सुतार रुमण्याचा कोन बदलतो आणि कष्ट हलके होतात. अशा कारागिराच्या बुद्धीचे मोल कायद्याने जाणावे काय, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

उलव्याचेच उदाहरण घेऊ. आज तेथे वसाहत उभी आहे व शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ साली झाले. परंतु पूर्वी हा मुलूख भातखाचरांचा, खाजणांचा व मिठागरांचा होता. खाडीचे खारे पाणी रोखावयाचे व पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे, हे दुहेरी काम बांधातील उघाडी करते. भरतीच्या दाबाने तिची झडप मिटते व ओहोटीस उघडते. समजा, एखाद्या सुताराने तिची बिजागरी अशी बसविली की तीत गाळ अडकत नाही. या सुधारणेवर त्याचा हक्क चालेल काय?

आपल्या १९७० च्या एकस्व (पेटंट) अधिनियमानुसार वीस वर्षांचा हक्क मिळतो. मात्र शोध नवा असून भागत नाही. त्या विषयातील जाणकारास तो सहज सुचण्यासारखा नसावा, अशीही अट आहे. बिजागरीतील बदल या कसोटीस उतरणे कठीण. शेतीची पद्धत तर एकस्वास पात्रच नाही. २००० च्या अभिकल्प अधिनियमाने वस्तूच्या बाह्य रूपास संरक्षण मिळते, तिच्या उपयोगास नाही. म्हणजे आपला सुतार दोन्ही दारांतून परत फिरतो.

जर्मनीने १८९१ सालीच अशा लहान शोधांसाठी निराळा कायदा केला व जपानने १९०५ साली तोच मार्ग धरला. चीनमध्येही ही सोय आहे. यास 'उपयुक्तता प्रतिमान' म्हणतात. बोलीत 'छोटे पेटंट' म्हणावे. या तिन्ही देशांत त्याची मुदत दहा वर्षे असून, सखोल तपासणी न करता नोंदणी होत असल्याने ती लवकर मिळते. भारतात २०११ साली केंद्र शासनाने या विषयावर चर्चापत्र काढले. कायदा मात्र अद्याप झालेला नाही.

यास एक आक्षेप आहे व तो खरा आहे. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने तयार केलेल्या नूतन झेल्याने आंबा देठासह काढता येतो. तसा झेला गावोगावच्या कारागिरांनी करावा, यातच बागायतदारांचे हित आहे. प्रत्येक खिळ्यावर कोणी हक्क सांगू लागला, तर शेजाऱ्याचे पाहून शिकण्याची आपली जुनी रीतच गुन्हा ठरेल. शिवाय तपासणीवाचून दिलेला हक्क धनवान कारखानदार लहान माणसाला धमकाविण्यासाठीही वापरील.

म्हणून आमचे मत असे की, हा कायदा व्हावा, पण तीन अटींवर. मुदत दहा वर्षांहून अधिक नसावी. शोध नवा असल्याची तपासणी झाल्याखेरीज कोणावरही दावा लावता येऊ नये. आणि शेतकऱ्याने स्वतःच्या शेतापुरते अवजार करून घेतल्यास त्यास पूर्ण मोकळीक असावी.

तोवर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढे अवश्य करावे. शोध खरोखर मोठा वाटल्यास, अर्ज करण्यापूर्वी तो सामान्य प्रदर्शनात मांडू देऊ नये किंवा छापून आणू नये. तसे केल्याने नावीन्य जाते व हक्कही जातो. प्रथम तात्पुरते विवरण दाखल करावे; पुढे बारा महिन्यांत संपूर्ण विवरण देता येते. एकस्व कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथे आहे, पलीकडच्या तीरावर. कारागीर एकटा तेथवर जाणार नाही. त्याचा हात धरून नेणे हे विस्तारकार्यच होय.