नव्वद किलोमीटरचा हिशेब



कोरेगाव तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा एका खासगी कंपनीत नोकरीला आहे. गोव्याच्या ट्रायथलॉनमध्ये उतरायचे म्हणून तो पहाटे चारला सायकल घेऊन घराबाहेर पडतो आणि रविवारी तर दुपारीच परततो. मोठ्या लोकांचे हे खूळ आपल्या घरात कशाला, आणि अंधारात उसाच्या ट्रॉल्यांमधून पोर जाते तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, असे त्या लिहितात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून आजचे सदर आम्ही त्यांच्यासाठीच खर्च करीत आहोत.

प्रथम ही स्पर्धा म्हणजे काय ते पाहू. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, आणि मध्ये विश्रांती नाही. १९७८ साली हवाईमध्ये पंधरा जणांनी सुरुवात केली व बारा जण शेवटास गेले, तेथून 'आयर्नमॅन' हे नाव जगभर पसरले. पूर्ण अंतर म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. गोव्यात २० ऑक्टोबर २०१९ रोजी पहिल्यांदा झाली ती याच्या निम्म्या अंतराची, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. निम्मे म्हटले म्हणून हलके समजू नये. नवशिक्याला यात सात-आठ तास सहज लागतात.

सांगलीकरांना कृष्ण प्रकाश हे नाव नवे नाही. येथे पोलीस अधीक्षक राहिलेल्या या अधिकाऱ्यांनी २०१७ साली फ्रान्समध्ये पूर्ण अंतराची स्पर्धा पुरी केली. त्याआधी २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिच येथे ती केली. वर्तमानपत्रांत अशीच नावे येतात, तेव्हा हे मोठ्यांचे काम असे घरच्यांना वाटले तर नवल नाही. खर्चाची बाजूही खरी आहे. गोव्याचे प्रवेश शुल्क दहा हजारांच्या पटीत मोजावे लागते आणि सायकलींच्या किमती ऐकून तर आमच्यासारख्या कारकुनाला घाम फुटतो. परंतु माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातून ललिता बाबर निघाल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या, हेही याच जिल्ह्यातले आहे. पहिल्या खेपेस नवी, लाखाची सायकल लागत नाही. चांगल्या स्थितीतली, गिअरची, मापात बसणारी जुनी सायकल चालते. पैसे घालायचेच तर ते हेल्मेट, ब्रेक आणि टायर यांवर घालावेत. शिवाय गोव्यात तिघांनी मिळून उतरण्याची सोय ठेवली गेली आहे : एक पोहतो, दुसरा सायकल चालवतो, तिसरा धावतो. नोकरदार मुलाने पहिल्या वर्षी फक्त सायकलचा वाटा उचलला तरी खर्चाची तिघांत वाटणी होते.

आता हिशेबाकडे वळू. आम्ही बीकॉमचे, त्यामुळे सवय जात नाही. या अंतराला साधारणपणे अशी मुदत असते : पोहणे एक तास दहा मिनिटांत, सायकल उतरेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास, सर्व मिळून साडेआठ तास. (त्या वर्षीचे नियमपत्रक मात्र स्वतः वाचावे.) पोहायला पुरता एक तास दहा मिनिटे लागला, किनाऱ्यावर येऊन सायकल घेण्यात आणखी दहा मिनिटे गेली, तर नव्वद किलोमीटरसाठी हाती उरतात चार तास दहा मिनिटे. म्हणजे ताशी साडेएकवीस किलोमीटरहून किंचित अधिक वेग, तोही पंक्चर झाले नाही तर. रोज कामावर सायकलने जाणाऱ्या माणसाला हा वेग तासभर अवघड नाही. चार तास टिकवणे अवघड आहे, आणि त्यानंतर एकवीस किलोमीटर पळायचे असते. सगळी तयारी या एका गोष्टीसाठी असते.

ही तयारी वेगाने करायची नसते, हे तरुणांना पटवणे सर्वांत कठीण. आमच्याबरोबर रविवारी येणारी तीन मुले पहिल्या चढावर एकमेकांना मागे टाकतात आणि परतताना तोंडातून शब्द काढत नाहीत. पहिले दोन महिने शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच दमाने चालवावे. आठवड्यात दोन छोट्या फेऱ्या आणि रविवारी एक लांबची, एवढे पुरे. लांबची फेरी चाळीस किलोमीटरपासून सुरू करून आठवड्याला चार-पाच किलोमीटरने वाढवावी आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावी. शेवटचा महिना-दीड महिना उरला की शंभरापर्यंत न्यावी. जड गिअर दाबत गुडघे झिजवण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे पडतील असे पाय फिरवावेत. सायकलवरून उतरताच वीस मिनिटे पळण्याचीही सवय हवी. पहिल्यांदा पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात, पण चार-पाच खेपांनंतर ते ऐकू लागतात.

एका वहीत तारीख, अंतर, वेळ, किती पाणी प्यालो, काय खाल्ले, झोप किती आणि सकाळची नाडी हे लिहून ठेवावे. नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागली तर त्या दिवशी सायकल भिंतीलाच राहू द्यावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी.

रस्त्यांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे जावे. चढ कसा बसून, श्वास न तोडता चढावा हे तो घाट शिकवतो. पावसाळ्यात मात्र धुके आणि ओला उतार पाहून मगच जावे. सांगलीकडे सपाटी आहे, पण तिथे वारा परीक्षा घेतो. ढालगाव भागात पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. कवठे महांकाळकडे जाताना पाठीशी वारा घेऊन उडत जाणारा मुलगा परतताना रडकुंडीला येतो. सांगलीकरांनी त्या दिवसांत आधी आष्टा-पेठ नाक्याच्या बाजूस जावे, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणून सोडतो.

आम्हाला स्वतःला आवडतो तो फेरा साताऱ्यातून कोरेगाव, रहिमतपूर, मसूर आणि उंब्रजहून परत असा. तो नव्वद-शंभर किलोमीटरच्या घरात जातो. मसूर हे नाव आपल्या वाचकांना सांगायला नको. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून निघालेली मुले त्या स्टेशनवर उतरली होती. खटाव तालुक्यातल्या गोरेगावी वडिलांकडे जायला दुप्पट भाडे भरून त्यांना बैलगाडी मिळाली, आणि ती स्वतः हाकावी लागली. गाडीवान बाजूने पायी चालला. बरोबर डबा भरलेला होता, पण वाटेत पाणी कोणी दिले नाही, म्हणून ती मुले रात्री न जेवता झोपली. त्यांतल्या एका मुलाने, म्हणजे बाबासाहेबांनी, हे पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले. मसूरमध्ये सायकलची बाटली भरताना आम्हाला ते आठवतेच.

आणि पाण्याचा मुद्दा या तयारीत सर्वांत मोठा आहे. तहान लागल्यावर प्यायचे म्हणणाऱ्याचे तिसऱ्या तासाला पाय आखडतात. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर घोट-घोट घ्यावे. नुसते पाणीच ढोसत राहिले तर अंगातले मीठ पातळ होऊन गरगरते, प्रसंगी जिवावर बेतते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळले की झाले. चमचा लहान, चहाचा घ्यावा. परदेशी पुड्यांवाचून काही अडत नाही. खाण्यातून तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट मिळाले पाहिजे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असते. केळी, खजूर, गुळाचा खडा, चपातीत गूळ घालून केलेली गुंडाळी, हे सगळे खिशात मावते. शेंगदाण्याचा लाडू चांगलाच, पण तो घरी आल्यावर. सायकल चालवताना तो पोटात बसून राहतो. भगिनींना आमचे सांगणे की तो डबा तुम्हीच भरून द्या. पोर काय खाऊन जाते हे तुम्हालाही कळेल.

आता ट्रॉल्या. या प्रश्नावर आम्ही पत्रलेखिकेच्या बाजूचे आहोत. गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अंधारात सायकल चालवू नये. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही आणि रस्त्यावर सांडलेले पाचट. चारचाकीवाल्यालाही ते दिसत नाही. ओल्या पाचटावरून चाक घसरते ते निराळेच. पहाटे चारला निघण्याची काही गरज नाही. हिवाळ्यात उजाडल्यावर निघावे, आठवड्यातल्या फेऱ्या घराजवळ कराव्यात आणि लांबच्या फेऱ्या गाळप संपल्यावर वाढवाव्यात. गोव्याची स्पर्धा आजवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात होत आली आहे, तेव्हा यात काहीच बुडत नाही. दिवसाही मागे लाल दिवा लुकलुकता असावा, अंगावर भडक रंग असावा, कानात गाणी नसावीत. स्पर्धेतही ती चालत नाहीत. निघताना कोणत्या रस्त्याने जाणार ते घरी सांगावे आणि मध्ये एकदा फोन करावा. कर्त्या मुलालाही यात कमीपणा वाटायचे कारण नाही. मुलींनी दोघी-तिघींच्या गटाने निघावे, आणि घरच्यांनी जमेल तेव्हा मागून दुचाकी घेऊन जावे. आम्ही तसे करतो. त्यात आपलाही रविवार बरा जातो.

पोहण्याविषयी एवढेच की गोव्यात समुद्रात पोहायचे असते, तेव्हा केवळ तलावातल्या सरावावर भागत नाही. म्हणून कोणी उत्साहाने कृष्णेत उडी घेईल तर भिलवडी-औदुंबर ते सांगली या पट्ट्यात मगरी आहेत हे विसरू नये. जाणत्या शिक्षकाबरोबर, सुरक्षित पाण्यातच सराव करावा.

पंक्चर काढणे मात्र घरीच शिकावे. स्पर्धेत बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही, आणि पुढच्या सायकलच्या मागे बारा मीटरच्या आत चिकटून चालवले तर दंड होतो. नवी ट्यूब, टायर उचलायचे दोन लिव्हर आणि छोटा पंप सीटखाली बांधून ठेवावा. अंगणात डोळे मिटून मागचे चाक काढता-बसवता येईपर्यंत सराव करावा. दहा मिनिटांत जमले की पुरे. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणावे, नवे बूट वा नवे खाणे काही सुरू करू नये. गोव्याला नेताना सायकल खोलावी लागली तर त्याआधी सीटच्या दांड्यावर आणि हँडलवर रंगीत चिकटपट्टीने खूण करून ठेवावी, म्हणजे मिरामारला पोहोचल्यावर तीच उंची पुन्हा सापडते.