फिनलंडची अर्धीच गोष्ट



‘फिनलंडसारख्या परीक्षा बंद करा’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. कळकळ पटली, माहिती अर्धवट वाटली. तिथे परीक्षा नाहीतच असं नाही. उच्च माध्यमिकच्या शेवटी राष्ट्रीय परीक्षा असते, आणि विद्यापीठातला प्रवेश बराचसा तिच्या गुणांवर ठरतो.

पत्रात गाळलेला भाग असा. सर्वांसाठी एकच शाळा हा कायदा 1968 चा. अंमलबजावणी 1972 मध्ये उत्तरेतल्या विरळ वस्तीच्या लॅपलंडपासून सुरू झाली. दक्षिणेत पोचायला 1977 उजाडलं. त्याच दशकात शिक्षकांचं प्रशिक्षण विद्यापीठांकडे गेलं, पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली. शाळा तपासनीस घरी गेले ते त्यानंतर, नव्वदच्या दशकात. आपल्याला मात्र शेवटचं पान आधी हवं!

बरं, नापास न करण्याचा प्रयोग आपण केलाच की. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत ती तरतूद होती. त्याच कायद्यातल्या सातत्यपूर्ण मूल्यमापनाचं काय झालं? वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली. ‘स्वच्छता राखतो’, ‘कवितेचं तालासुरात गायन करतो’ ही वाक्यं सगळ्या वर्गाच्या नावापुढे उतरली. दोष गुरुजींना देववत नाही. दोनशिक्षकी शाळेत एक जण पोषण आहाराची ऑनलाइन माहिती भरायला रेंज शोधत फिरतो, दुसरा चारही वर्ग सांभाळतो.

शिवाय ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतले फिनलंडचे गणिताचे गुण 2006 मधल्या 548 वरून 2022 मध्ये 484 वर आले आहेत. त्यांच्याकडून घ्यायचंच, तर सुरुवात शिक्षक घडवणाऱ्या डी.एड. महाविद्यालयांपासून करावी.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा